पगारातल्या शिव्या

"सर, मुखेडच्या मैदानात तुम्ही अण्णारावच्या कानफटात का हाणली?"

सत्यभामानं उभं राहून विचारलं आणि मुलींच्या रांगांत खसखस पिकली. पैज वर्गातल्या पारूनं लावली होती. विचारलंस तर आठवडाभर तुझी घागर टँकरच्या रांगेत मी धरीन, म्हणाली होती. दुष्काळात याहून मोठी पैज नसते. शिवाय सत्यभामा हल्ली कुणालाच भीत नव्हती. शाळेच्या सामन्यात एका चढाईत तिघींना बाद केल्यापासून तिची मान जी वर गेली होती, ती खाली यायला तयार नव्हती.

समोर खुर्चीवर विरूपाक्ष बसला होता. मूळचा उदगीरचा, आता मुंबईच्या एका कंपनीच्या संघातला. कबड्डी खेळायचाच पगार घेणारा माणूस रेणापूरच्या शाळेनं पहिल्यांदा बघितला. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या हव्या, नव्या पाट्या हव्या, तसा मुलींचा नवा संघही हवा. रविवारी निवड होती, त्याआधी मुलींना चार गोष्टी सांगायला त्याला बोलावलं होतं. जिल्हा झाल्याचं पाण्याला तेवढं कुणी कळवलं नव्हतं.

अण्णाराव म्हणजे सत्यभामाचा बाप. हे विरूपाक्षला सोडून सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

कबड्डीचा सामना कुठंही असो, अण्णाराव एस.टी. धरून जायचा आणि मैदानाच्या दोरीला चिकटून बसायचा. मग ओरडायचा. खेळाडूच्या आईपासून बनियनपर्यंत काही सोडायचा नाही. आयोजक त्याला पान देऊन पुढं बसवत. माणसं कबड्डी बघायला येत आणि अण्णाराव ऐकायला थांबत. मुखेडला विरूपाक्षनं त्याला हाणलं तेव्हा गावानं अण्णारावला शाल-नारळ दिला. विरूपाक्षवर सहा महिन्यांची बंदी आली. "म्या फकस्त म्हनलो, नीट खेळ रे बाबा," अण्णाराव अजून सांगायचा. गालाची सूज कधीच उतरली होती, तरी सांगताना तो गाल उजेडाकडं करायचा. त्या गालाला आठ दिवस हळद सत्यभामानंच लावली होती. म्हणून तिला उत्तर हवं होतं, नुसती पैज जिंकायची नव्हती.

विरूपाक्षनं घसा खाकरला. "हाणायला नको होतं. चूक झाली माझी."

"ती झालीच. पण का हाणली?"

"सत्यभामा, खाली बस," सुमनबाई म्हणाल्या. ती बसली नाही.

"हे बघ," विरूपाक्ष म्हणाला, "मला रोज शिव्या पडतात. माझ्या पगारातच धरल्यात त्या. ऐकायच्या आणि खेळायचं. पण त्या दिवशी आमच्या आधी पोरींचा सामना होता. तुझ्याएवढ्याच असतील. त्यांना कुठला आलाय पगार? हा दोरीजवळून ओरडायला लागला. हंडे घेऊन लायनीत लागा म्हणे, इथं काय नाचायल्यात. पुढचं बाईंसमोर सांगत न्हाई. एक पोरगी चढाई अर्धी सोडून गेली, टँकरच्या मागं जाऊन रडली. परत मैदानात आलीच न्हाई." त्यानं स्वतःच्या पंजाकडं पाहिलं. "हाणायचा हक्क असला तर तिला होता. मला न्हवता."

पारू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"तू कोणाची गं?" विरूपाक्षनं विचारलं.

"अण्णारावची."

विरूपाक्ष खुर्चीतून अर्धा उठला, तिथंच थांबला, पुन्हा बसला. बाईंनी घाईघाईनं त्याच्यासाठी पाणी मागवलं. ते नव्हतं.

सत्यभामा घरी आली तेव्हा अण्णाराव ओट्यावर वाटच बघत होता. विरूपाक्ष शाळेत आल्याची बातमी गावभर झाली होती.

"काय म्हनला तो बैल? माफी मागितली का?"

"मागितली. हाणायला नको होतं म्हणाला."

"सगळ्यांसमोर?"

"हाव."

अण्णारावनं मांडीवर थाप मारली. "साखरा! ये साखरा! ऐकलंस का, कबूल केलं लेकानं!" साखराबाई ओले हात पदराला पुसत दारात आली. अण्णाराव खूष होता, म्हणून त्यानं लेकीला जवळ बसवलं आणि मायेनं समजावलं. "आता ते निवडीचं खूळ सोड बग. तो फारम चुलीत घाल. मैदानावर लोकं पोरींना काय काय बोलतेत, तुला काय ठाव? मला ठाव हाय."

हे तो आठ दिवस सांगत होता. त्यातलं 'मला ठाव हाय' तेवढं सत्यभामाला आज पटलं.

तिनं दप्तरातून फॉर्म काढला. बापाच्या समोरून नेला आणि दारात उभ्या असलेल्या आईच्या हातात दिला. वर पेन ठेवलं. साखराबाईनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग लेकीकडं.

"माय, सही तू कर. आईची चालते, बाईंनी सांगितलंय. रविवारी मी लातूरला खेळणार हाय." मग ती बापाकडं वळली. "आबा, तुम्ही बी या. दोरीजवळच बसा. मुखेडला त्या पोरींना जे जे ओरडलात ते समदं मला ओरडा, एक शब्द गाळू नका. फकस्त त्याच्या आधी उभं राहून लोकांना सांगा, ही पोरगी माझी हाय."