बिशानमध्ये बर्फ

आमच्याकडे गाडी नाही आणि इथे सिंगापूरच्या बिशानमध्ये बर्फ पडत नाही. तरी आमचे हे, शामकांत, महिनाभर फोनवर एकच बघतायत, मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी स्पोर्ट्स कार बर्फात कशी सांभाळायची. मी जवळ गेले की फोन पालथा. या वयात कुठल्या थंड देशातली कोण भेटली, कुणास ठाऊक.

आज टोरांटोहून आमच्या रूपेशचा फोन आला. बाबांशी त्याचं वर्षभर बोलणं नाही.

"आई, तुला बोललो नव्हतो, स्पोर्ट्स कार घेतलीय. बर्फातला व्हिडिओ टाकला की कुणी अनोळखी माणूस खाली लिहितो, हळू चालव, डिकीत वजनाला वाळूची पोती ठेव. आता ब्लॉकच करतो त्याला."

 

"नको. पोती ठेवलीस की त्यांना कळव," मी म्हटलं. "झोप लागत नाहीये त्यांना."