खडखडाटाची सवय

स्वस्त टॉवेलांपुढं टिकाव लागेना म्हणून अंबादासनं घरचे दोन्ही माग भंगारात घातले, आणि त्यानंतर त्याचं पाच महिन्यांचं पोर झोपेनासं झालं. जन्मल्यापासून ते मागाच्या खडखडाटातच झोपलेलं. आजीनं पाळण्याशेजारी पत्र्याचा डबा बडवून बघितला. अंबादासनं मोबाइलवर मागाचा आवाज लावला. पोर रडतच होतं. शेवटी भर दुपारी त्याला खांद्यावर टाकून तो गल्लोगल्ली फिरला आणि एका चालू कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहिला. आत आठ माग धडधडत होते. पोर आणखीच किंचाळलं.

आत कांड्यांवर सूत भरणारी सायराबानू उठून बाहेर आली. "काय झालं रे लेकराला?"

"मागाच्या आवाजाबिगर झोपत न्हाय ओ, चाची."

तिनं पोराच्या ओठाला करंगळी लावली. पोर ती अधाशासारखं चोखायला लागलं.

"आईच्या अंगावरच पितंय न्हवं? ती जेवती का पोटभर?"

"जेवती की," अंबादास म्हणाला आणि थांबला. माग गेल्यापासून बायको रोज सगळ्यांना वाढायची आणि म्हणायची, "माझं झालं मघाशीच."