प्रमिलाची लाथ

‘माय वं, वारा उना, पदर उडाई लई गया…’

खानदेशातल्या गावी, कानबाई देवीच्या मिरवणुकीत वीस वर्षांपूर्वी ऐकलेला प्रमिलाचा तो आवाज धुडकूच्या कानातून कधी गेलाच नाही. त्या आवाजाच्या मागे जाऊन त्यानं लग्न केलं, आणि यंत्रमागाच्या कामासाठी दोघं सुरतेला, लिंबायतच्या एका खोलीत आले.

गावी तिची आई गेली, वेळेवर पोचता आलं नाही, आणि प्रमिलाचा आवाज आटला. जेवण नको, बोलणं नको; भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेवटी डॉक्टरनं मनाच्या आजाराच्या गोळ्या दिल्या. दीड-दोन महिन्यांत ती स्टोव्हपाशी गुणगुणू लागली.

फक्त झोपेत तिचे पाय उडायला लागले.

‘गोळीनं होतं कधी कधी. त्रास वाढला तर सांगा,’ डॉक्टर म्हणाले होते. धुडकूच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या, पण तो बोलला नाही. गोळी थांबली की गाणं थांबेल, ही धास्ती. पुढे तर त्याच्या कारखान्यातल्या पाळीमुळे दवाखान्यात ती एकटीच जाऊ लागली.

धुडकू मागावरचा माणूस. खटखट चालू असली की तो निर्धास्त. थांबली की काळजात धस्स, धागा तुटला! लाथेचंही तसंच झालं. एक बसली की त्याला वाटे, चला, गोळी लागू पडतेय. मग तो घोरू लागे.

‘गोयी लिधी ना?’ तो रोज विचारी.

‘झोपा आते गुमान,’ ती म्हणे.

शेजारच्या मागावरचा लोटू त्याच्या पायांवरचे डाग पाहून चिडवायचा, ‘काय धुडकूभाऊ, वहिनी मारस का?’

‘रोज मारस रे भो!’ धुडकू फुशारकीनं सांगे.

आधी झटके बारीक, एकामागून एक यायचे. हल्ली एकच लाथ यायची, पण पोटरीवर नेम धरून. औषधाचा जोर वाढला, असं त्यानं मनाशी धरलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती त्याच्या पायांना तेल चोळत होती. पोटरीवरचा ताजा डाग पाहून हात थांबला.

‘दुखस का?’

‘दुखू दे. तुन्ही गोयी चालू ऱ्हावाले जोयजे.’

ती हसायला लागली. हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले.

‘डॉक्टरनी गोया बंद करी दिध्यात, दोन महिना व्हयनात. आते गरज नही म्हने,’ ती म्हणाली. ‘पन ज्या दिन पाय हालना नही, त्या दिन तुम्ही झोपनातच नही. म्हनीसन मीच मारस.’