जांभळी रेघ

“बाबा, हे पडलं तर?”

प्रश्न तिचा नव्हता. ‘विचारून दाखव’ अशी पैजच मैत्रिणींनी लावली होती. तिने विचारला, आणि वर हसलीसुद्धा.

बाबा विमानात उताणे पडले होते. डोकं पॅनेलखाली, पाय दाराबाहेर. पाय एकदम आखडले. मग एक नट टणकन खाली पडला.

“हे बघ, पडलं,” बाबा आतून म्हणाले. “उचलून दे.”

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ती पहिलीत होती तेव्हापासून घरामागच्या शेडमध्ये ते हे दोन सीटचं विमान बांधत होते. उडवायचा परवाना त्यांनी लग्नाआधीच काढलेला. पंख झाले, इंजिन बसलं, आता पॅनेलचं वायरिंग तेवढं उरलं होतं आणि त्यातलं निम्मं तिच्या हातचं होतं. जोड केला की तार ओढून बघायची. नट घट्ट झाला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत नेलपॉलिशची रेघ मारायची. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. नेलपॉलिश तिचं, जांभळं. “त्यातल्या त्यात हेच सोज्वळ आहे,” बाबा म्हणाले होते.

शनिवारी तपासनीस येणार होता. तो हो म्हणाला की रविवारी पहिलं उड्डाण. बाबा एकटेच जाणार.

आणि नेमकं आत्ताच पॅनेल रुसलं होतं. इंजिन सुरू केलं की थोड्या वेळात स्क्रीनवरचे आकडे गायब. उंची नाही, वेग नाही, नुसता काळोख. चाचणीला आत तीच बसायची. बाबा बाहेरून बघायचे. दोष सापडला तो साधाच, अर्थिंगची तार सैल. तिने घट्ट केली, रेघ मारली. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

“थरथरीने होत असेल,” बाबा म्हणाले. “राहू दे. पुढच्या वर्षी बघू. घाई कुणाला आहे?”

“मला आहे. सगळी गल्ली मला विमानवाल्याची पोर म्हणते. विमान कुठाय विचारलं तर शेडमध्ये सांगते.”

ते गेल्यावर तिने टॉर्च मारून पाहिलं. नट चांगला अर्धा फेरा फिरला होता आणि त्याच्या कडांवर, तिच्या जांभळ्या रेघेवरूनच, ताजे ओरखडे होते. थरथरीने ओरखडे उठत नाहीत. कुणीतरी पाना लावला होता.

जमिनीवर आकडे गेले तर इंजिन बंद करता येतं. वर गेले तर?

शेडच्या किल्ल्या घरातल्या तिघांकडेच होत्या. आणि रविवारचा विषय निघाला की आई उठून दुसऱ्या खोलीत जायची.

आई इस्त्री करत होती.

“आई, तू शेडमध्ये जातेस?”

“झाडायला जाते. तारांचे तुकडे तुम्हा दोघांना दिसत नाहीत ना.”

“पॅनेलला हात लावतेस?”

इस्त्री थांबली. “काय सापडलं तुला?”

“कुणीतरी नट सैल करतंय. रविवारी वर गेल्यावर बाबांना काही झालं तर?”

“काही होणार नाही त्यांना,” आई म्हणाली. इस्त्री पुन्हा सुरू झाली. बाबांचाच शर्ट होता. “त्यांच्याजवळ हे बोलू नकोस.”

“का?”

“लागेल त्यांना. मी सांगते म्हणून ऐक.”

एवढं तिला पुरलं. दोन दिवस ती आईशी कामापुरतं बोलली. डबा न्यायची, पण काय आहे विचारायची नाही. शाळेत मैत्रिणींनी पैजेचं आइस्क्रीम दिलं, तेही अर्धं तसंच विरघळलं.

शुक्रवारी दुपारी मावशीला दवाखान्यात ठेवलं, म्हणून आई रात्रभर तिच्या सोबतीला गेली. आई रिक्षात बसताच ती शेडकडे धावली. दातओठ खाऊन नट आवळला, नवी रेघ मारली, फुंकर घालून वाळवली. मावशीसाठी वाईट वाटत होतं, आणि सुटल्यासारखंही. तिने कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

शनिवारी सकाळी तपासनिसाचा फोन आला, निघालोय म्हणून. ती टॉर्च घेऊन पॅनेलखाली सरकली. कालची रेघ तुटली होती. मग हात लांब करून पाना घेतला.

स्वयंपाकघरात आली तेव्हा आई दवाखान्यातून नुकतीच परतली होती. पिशवी अजून खांद्यालाच होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून चहासमोर बसले होते. चहावर साय धरली होती.

“झालं का तपासून?” बाबांनी विचारलं.

ती आईजवळ जाऊन उभी राहिली. पिशवी उतरवून घेतली.

“सॉरी, आई.”

आईने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली, “मी उडवायला शिकणार आणि पहिल्यांदा हे विमान मीच वर नेणार. तेव्हा बाबा, आता ती तार सैल करत जाऊ नका.”