न भरणारा काटकोन

भूमितीच्या मास्तरांनी फळ्याला सुट्टी दिली आणि मुलांना मोबाइलमधला कोनमापक घेऊन शाळाभर काटकोन मोजायला पाठवलं. सगळ्यांत शेवटी परतली चिमणी, वर्गातली सर्वांत बुटकी मुलगी. “सर, व्हरांड्यातल्या खांबाचा काटकोन भरतच नाही. दोनदा मोजला, दोन्ही वेळा वेगळा आला.” “फोन वाकडा धरला असशील. जा, पुन्हा मोज,” मास्तर हसले. ती पळाली. तिने वर्गाच्या ग्रुपवर टाकलेले खांबाचे दोन्ही फोटो मास्तरांनी पाहिले; दुसऱ्यात कोन आणखी कमी झाला होता. खांबच कलत होता आणि त्यांनीच तिला पाठवलं होतं. “मागच्या दाराने पळा!” वर्गाला ओरडून सांगत ते व्हरांड्यात धावले. चिमणीचं बखोट धरून तिला मैदानात ओढलं, तोच मागे छत धाडकन कोसळलं. मास्तर मटकन खाली बसले. “सर, लागलं का?” तिने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिचा हात मात्र त्यांना सोडवेना.