तिसऱ्या पायरीचा मान

कुंड लखलखत होतं आणि नीरजाला रडू येत होतं.

पायऱ्यांचा काळा दगड न्हाऊमाखू घातलेल्या पोरासारखा चकचकीत दिसत होता. वरच्या दोन पायऱ्या उघड्या, बाकीच्या कढत पाण्याखाली, आणि पाण्यावर वाफ. काठावर अख्खी वाडी उभी राहून नीरजाच्या तोंडाकडे बघत होती. बाई कौतुक कधी करते याची वाट बघत होती, दुसरं काय!

“गेल्या वर्षाला तुमचा पाय घसरला ना, बाय,” महिपत म्हणाला. वाडीचा गावकर तोच, त्यामुळे बोलायचा मान त्याचा. “म्हणून यंदा जत्रेची वाट नाय बघितली. तुमी येणार कळलं, नि काल सगळी वाडी कुंडात उतरली. बुळबुळीत म्हणून काय ठेवलं नाय बघा.”

आणि नीरजा नेमकी त्या बुळबुळीतासाठीच आली होती.

रत्नागिरीच्या कॉलेजात ती शिकवायची. पीएच.डी.च्या कामाचं हे तिचं तिसरं वर्ष. दर पौषात, जत्रेसाठी वाडी कुंड घासायच्या आधी, ती देवरूखहून पुढे एसटीने या वाडीत यायची, कुंडाच्या तिसऱ्या पायरीवरचा हिरवट थर खरवडून बाटलीत भरायची. दुसरी बाटली खालच्या पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, गार पाण्यातली. दोन्हीकडे एकाच कुळातले जिवाणू. तीन वर्षांत कुठले भराभर बदलले आणि कुठले ढिम्म राहिले, हे तिला बघायचं होतं. दोन वर्षांच्या बाटल्या कॉलेजच्या फ्रीजमध्ये होत्या. तिसऱ्या वर्षाची मिळाली नाही तर आधीच्या सगळ्या फुकट, कारण प्रबंध द्यायची मुदत जूनमध्ये संपत होती.

“घासलेली सोडणं कुठं टाकलीत, काका?” तिने विचारलं. नारळाच्या सोडणाला थोडा थर चिकटलेला असेल, तेवढाही पुरला असता.

“पऱ्यात सोडली. गेली वाहून.” महिपतला तिचा चेहरा बघून आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. “का वो? काय बिघडलं?”

नीरजाने सांगितलं. रागावून नव्हे, या माणसांवर रागवायचं तरी कसं? महिपतने ऐकून घेतलं आणि मागे वळून ते वाडीला समजावलं.

“एका घरातले दोन भाव असतात ना, तसं हाय. एक मुंबैला गेला, एक हितंच ऱ्हायला. कोण किती बदलला ते बाय बघते. नि आपण काल हितल्या भावाला धुऊन काढलं.”

काठावरच्या सखारामने कपाळाला हात लावला. सोनूबाई तोंडाला पदर लावून हळहळली. नीरजाला एकीकडे रडू येत होतं आणि दुसरीकडे हसू. तीन वर्षं वर्गात डोकं फोडून तिला ही गोष्ट इतकी सोपी करून सांगता आली नव्हती.

“तिसरी पायरी कुणी घासली?” तिने उगाचच विचारलं.

हे विचारल्यावर उत्तर चटकन येणारच होतं. या कुंडाची एकेक पायरी एकेका घराच्या मानाची. दुसऱ्याच्या पायरीला कुणी सोडण लावत नाही. लावलंच, तर पुढच्या पिढीपर्यंत बोलणं बंद.

“तिसरी आमची,” महिपत छाती काढून म्हणाला. “आमच्या मंडळींनी घासलीन. ही बघा आलीच. गंगे, सांग बायला, कशी घासलीस ती.”

गंगा चहाची किटली घेऊन येत होती. ती थबकली. नवऱ्याकडे बघितलं, वाडीकडे बघितलं, किटली खाली ठेवली.

“नाय घासली.”

काठावर कुजबुज सुरू झाली. महिपतचं तोंड बघण्यासारखं झालं. “आपली पायरी? गावकराची? नि नाय घासली? अगो, लोकं काय म्हणतील?”

गंगाने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ती नीरजाला म्हणाली, “दोन वर्सं बघत्ये, बाय. तू त्या पायरीवर वाकतेस, चमच्याने खरवडतेस, एवढंसं सांडत नायस. एवढी माया मी पण कधी त्या दगडावर केली नाय. म्हटलं, यंदा त्या पायरीचा मान बायचा. बायची पायरी मी का घासू?”

नीरजा धावतच पायऱ्या उतरली. दुसऱ्या पायरीवर बसून तिने पाण्यात हात घातला. हात पोळला, पण बोटांना लागला तो मऊ, गिळगिळीत, जिवंत थर. ती मोठ्याने हसली. एम.एस्सी.ला पहिली आली तेव्हासुद्धा तिला एवढा आनंद झाला नव्हता. मग काठावरचेही हसायला लागले, आणि चहा निवून गेला तरी कुणाला आठवण राहिली नाही.

बाटल्या भरून झाल्या, बुचं घट्ट बसली. तशी गंगाने एक कोरं सोडण तिच्या हातात ठेवलं.

“आता घास. मान घेतलास, तर घासायला पण लागतंय.”

नीरजाने सलवार वर खोचली आणि कामाला लागली. वाडी वरून सूचना देत होती. आडवं घास. अगो, जोर लाव. सोनूबाई म्हणाली, शिकलेली असून बरी घासते. महिपतचा राग एव्हाना कुठच्या कुठे पळाला होता. तो वाकून बारीक नजरेने बघत होता.

“डावा कोपरा ऱ्हायला, बाय.”

“असू दे, काका,” नीरजा म्हणाली. जूनमध्ये तिचा प्रबंध संपणार होता, मग इथे यायचं कामच उरणार नव्हतं. “तेवढा पुढच्या वर्षाला.”