सेकंदकाट्याचं घड्याळ

नांदेडच्या दवाखान्यातली पहिली नोकरी देगलूरहून रोज जाऊन-येऊन झेपेल का, हे बघायला मंजुश्री अण्णांसोबत सकाळच्या एसटीनं निघाली. नाडी मोजायला अण्णांनीच घेऊन दिलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ तिच्या हातात होतं. "लेक नर्स झाली आमची," अण्णा शेजारच्याला कौतुकानं सांगत होते.

नरसीच्या पुढं एक म्हातारी सीटवरून खाली कोसळली. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. कंडक्टरनं विचारलं, "दवाखान्यातलं कुणी हाय का गाडीत?"

अण्णांनी आणि शेजारच्यानं, दोघांनीही मंजुश्रीकडं पाहिलं. मंजुश्री घड्याळात बघत होती. गाडी रोज अशी रखडली तर आठची ड्युटी गाठायची कशी, याच विचारात ती गढली होती. मागच्या एका बाईनं म्हातारीच्या तोंडावर पाणी मारलं, म्हातारीनं डोळे उघडले, तेव्हा कुठं मंजुश्रीच्या ध्यानात आलं की आपण जागचे हललोसुद्धा नाही. तिनं घड्याळ ओढणीखाली झाकलं.

परतीच्या गाडीत नव्या शेजाऱ्यानं सहज विचारलं, "पोरगी काय करते?"

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शिकायलीय अजून."